शाल, पुठ्ठा आणि जिन्यातले फोन: छोटं ऑफिस माणसाच्या स्वभावाप्रमाणे कसं रचायचं

कुठल्याही ऑफिसात दुपारी तीनच्या सुमाराला एक चक्कर मारा. कुणाच्या तरी खुर्चीच्या पाठीवर बारा महिने शाल असते. एसीच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला असतो. भर दुपारी खिडकीचे पडदे बंद आणि डोक्यावर दिवे चालू. अकाउंट्सच्या टेबलाखाली झेरॉक्सच्या कागदांचं रिकामं खोकं, त्यावर पाय ठेवलेले. जिन्यात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात डॉक्टरशी बोलतंय. हेडफोन लावलेल्या मुलीच्या कानात गाणं चालूच नाही.

ऑफिसची रचना जिथे चुकली, तिथे लोकांनी गुपचूप केलेल्या या दुरुस्त्या आहेत. माणसाच्या शरीराला आणि मनाला काय हवं, हे सांगायला आधी कन्सल्टंट लागत नाही. ते ऑफिसात पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं. तरी बहुतेक मालक कर्मचाऱ्यांच्या ‘वेलनेस’साठी पैसे काढतात तेव्हा बीनबॅग येते, टेबल टेनिस येतं, भिंतीवर इंग्रजी सुविचार येतो. शाल तिथेच राहते.

हा लेख वीस ते साठ माणसांच्या, भाड्याच्या जागेतल्या ऑफिससाठी आहे. भिंती पाडायची परवानगी नाही आणि बजेट बेताचं, असं गृहीत धरलं आहे. मालक, अ‍ॅडमिन सांभाळणारी व्यक्ती किंवा एचआर यांपैकी कुणीही हे हाती घेऊ शकतं.

पायरी १: आठवडाभर नुसतं बघा

पहिल्या आठवड्यात खरेदी करायची नाही आणि गूगल फॉर्मही पाठवायचा नाही. फॉर्मवर लोक ‘सगळं छान आहे’ असं लिहितात, कारण फॉर्म कोण वाचणार हे त्यांना ठाऊक असतं. वही घ्या. सकाळी ऑफिस उघडल्यावर, जेवणाच्या आधी, दुपारी तीन-साडेतीनला आणि सुटायच्या वेळी अशा चार फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट टिपायची: लोकांनी स्वतःहून काय बदललंय, आणि जागा जशी वापरायची ठरली होती तशी कुठे वापरली जात नाही.

टिपण वाचायचं कसं? शाल आणि पुठ्ठा म्हणजे थंड झोत थेट अंगावर येतोय. बंद पडदा म्हणजे स्क्रीनवर उजेडाची चमक पडतेय. मुके हेडफोन म्हणजे ‘कृपया आत्ता बोलू नका’ अशी पाटी. मीटिंग रूममध्ये एकटाच बसून काम करणारा माणूस शांतता शोधत तिथे आलाय. पाण्याची बाटली संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहिली, तर बाटलीकडे न बघता शौचालय बघून या.

मग तीन माणसांशी बोला. सगळ्यात नव्याने लागलेली व्यक्ती, सगळ्यात जुनी व्यक्ती, आणि साफसफाई करणाऱ्या मावशी. मावशींना विचारायचं राहूनच जातं. पण कुठला पंखा खडखडतो, बेसिनपाशी कोण उभं राहून डबा खातं, कुठल्या कोपऱ्यात कुणी रडून आलंय, हे ऑफिसात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. “मावशी, इथे तुमचं काय अडतं?” असा त्यांच्यापासूनच प्रश्न सुरू करा. मोप ठेवायला जागा नाही, एवढंच त्या पहिल्यांदा सांगतील. ते लगेच करून द्या. बाकीचं नंतर येतं.

इथे एक सावधगिरी. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रकाश आणि उत्पादन यांचा संबंध तपासला गेला. उजेड वाढवल्यावर काम वाढलं, आणि कमी केल्यावरही बऱ्याचदा ते घटलं नाही. त्या प्रयोगांचा नेमका अर्थ काय यावर अजून वाद आहेत, पण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय म्हटल्यावर माणसं काही काळ बदलतात, एवढं व्यवहारात दिसतंच. म्हणून कुठल्याही बदलाचा निकाल पहिल्या पंधरवड्यात लावू नका. तीन महिने जाऊ द्या.

पायरी २: आधी शरीर

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालवा. डोकं दुखत असलेल्या माणसाला ध्येयधोरणांचं सत्र देण्यात अर्थ नसतो.

*हवा.* आपल्याकडच्या ऑफिसातला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न हा आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही; खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. खिडक्या बंद, दार बंद आणि आत आठ माणसं, म्हणजे सगळे एकमेकांचा उच्छ्वास घेत बसलेले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दहा बाय बाराच्या बंद मीटिंग रूममध्ये आठ जण बसले, तर अर्ध्या तासात तो दीड हजार सहज ओलांडतो. जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना जांभया येतात, त्याचं खापर भातावर फुटतं. भाताचा वाटा असेलही, पण पूर्ण नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बन डायऑक्साइड ९५० पीपीएमच्या आसपास असतानाही निर्णयक्षमतेच्या चाचण्यांतले गुण कमी आले, आणि १४०० ला आणखी घसरले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक दिसला नाही. तरी खोली कोंदट आहे की नाही हे सांगायला हा आकडा चांगला कामाला येतो.

काय करायचं: कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र घ्या. त्यात एनडीआयआर सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने हा वायू थेट मोजणारा सेन्सर, आहे ना, हे बघूनच घ्या. अगदी स्वस्तातली यंत्रं नुसता अंदाज दाखवतात. ते मीटिंग रूममध्ये दोन दिवस आणि मुख्य हॉलमध्ये दोन दिवस ठेवा. आकडा वारंवार हजाराच्या वर जात असेल, तर मीटिंग रूमला एक्झॉस्ट पंखा बसवा आणि दाराखाली बोटभर फट ठेवा, म्हणजे बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला दुसरी हवा आत येईल. फट न ठेवता नुसता पंखा लावला, तर तो घरघरतो, हवा काढत नाही. पुण्या-नाशिककडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी अकरापर्यंत एसी लावायची गरजच नसते, खिडक्या उघडा. मुंबईत दमटपणामुळे ते जमत नाही, तिथे दर दीड तासाने दहा मिनिटं दारं-खिडक्या उघडायचा परिपाठ ठेवा. रस्त्याच्या अगदी कडेला असाल, तर धुरामुळे रस्त्याकडची खिडकी उघडण्यात शहाणपण नाही, मागच्या बाजूची उघडा.

*गारवा.* ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून नवे रूम एसी २४ अंशांवरच सुरू होतात. त्यानंतर कुणीतरी रिमोट उचलून त्याचे अठरा करतं, हा भाग वेगळा. ऑफिसातल्या तापमानाची रूढ मानकं १९६०च्या दशकात सरासरी पुरुषाच्या चयापचयावरून ठरली, आणि त्यामुळे बायकांना ऑफिस थंड लागतं, असं नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५मध्ये मांडलं. म्हणजे शालीमागे नाजूकपणा नसून जुनं गणित आहे. तेव्हा एसी २६ वर आणि वर छताचा पंखा मंद, हे जुळवून बघा. वीज वाचते आणि झोतही बोचत नाही. एसीचा झोत वर वळवणारी अ‍ॅक्रिलिकची पट्टी मिळते, एसीवाले तिला डिफ्लेक्टर म्हणतात. ती लावली की पुठ्ठा निघतो. एवढं करूनही ज्यांना गारच लागतं, त्यांची जागा बदला. ज्यांना उकडतं त्यांना एसीखाली बसवा. कुणाला काय लागतं हे विचारलं की समजतं, पण बसायच्या जागा ठरवताना ते कुणी विचारत नाही.

*उजेड.* खिडकीला टेबल कसं लावलंय ते बघा. खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चमक येते, समोर असेल तर डोळे दिपतात. दोन्ही वेळा माणूस पडदा ओढतो आणि तो पडदा मग कायमचा बंद राहतो. टेबल नव्वद अंशांत फिरवा, म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. यात खर्च फक्त वायरी लांबवण्याचा. पश्चिमेच्या काचेला मात्र दुपारनंतर कापडी रोलर ब्लाइंड लागणारच.

यापुढचा प्रश्न मालकांना आवडत नाही: खिडकी कुणाच्या वाट्याला आहे? आपल्याकडे ती साहेबांच्या केबिनला जाते, आणि साहेब निम्मा दिवस बाहेर असतात. दुसरी खिडकी स्टोअर रूमला. आठ तास जागेवर बसणारे ट्यूबलाइटखाली. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या होत्या. एकच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्णालयातला निष्कर्ष ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण खिडकी स्टोअर रूमला द्यायची की माणसाला, हे ठरवायला तेवढा पुरे. केबिन, स्टोअर, सर्व्हर, प्रिंटर हे सगळं आतल्या भिंतीकडे न्या. खिडकीचा पट्टा मोकळा ठेवा, जेणेकरून मान वर केल्यावर शक्य तितक्या लोकांना बाहेरचं काहीतरी दिसेल. मग तो गुलमोहर असो नाहीतर समोरची गच्ची. टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो.

झाडांबद्दल एक खुलासा, कारण हल्ली कुंड्या विकणारे ‘हवा शुद्ध होते’ असं सांगतात. कुंड्यांनी हवेत जाणवण्याजोगा फरक पडायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकड्यांनी झाडं लागतील, असं २०१९च्या एका आढाव्यात निघालं. झाडं लावाच, पण डोळ्यांना बरं वाटतं म्हणून. प्लास्टिकची नको. आणि पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. वाळलेली कुंडी ऑफिसबद्दल बरंच काही सांगून जाते.

*टेबल-खुर्ची.* आपला सुतार टेबल अडीच फुटांचं करतो. पाच फूट उंचीच्या बाईला ते उंच पडतं. ती खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात, मांडीखाली खुर्चीची कड रुततेय म्हणून ती पुढे सरकून बसते, आणि वीस हजारांच्या खुर्चीची पाठ कोरी राहते. टेबलाखालचं खोकं त्यासाठी असतं. सुताराकडून उतरत्या पाटाचे चार-सहा फूटरेस्ट करून घ्या, किरकोळ काम आहे. लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्या प्रत्येकाला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माउस द्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि हातभर अंतरावर आली पाहिजे. महागड्या खुर्च्यांच्या आधी हे करा.

*शौचालय.* यावर कुणी लेख लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. बायकांसाठी वेगळं शौचालय, आतून नीट लागणारी कडी, पर्स आणि ओढणी अडकवायला हूक, झाकणाचा कचऱ्याचा डबा, आणि संध्याकाळी सहालाही नळाला पाणी. यादी एवढीच आहे, आणि यातली एखादी गोष्ट नसलेली ऑफिसं हवी तेवढी सापडतील. दार थेट बसायच्या हॉलमध्ये उघडत असेल, तर मध्ये आडोसा घाला. सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागतं म्हणून पाणीच कमी प्यायचं, असं करणाऱ्या बायका तुमच्याही ऑफिसात असतील. त्या हे तुम्हाला सांगणार नाहीत.

पायरी ३: पाठ आणि कान

माणसाला पाठीमागून कुणी येतंय-जातंय हे आवडत नाही. हॉटेलात शिरल्यावर आपण भिंतीकडची जागा धरतो. ऑफिसात मात्र स्क्रीन दिसायला हवी म्हणून माणसांना पाठ वाटेकडे करून बसवलं जातं. दिवसभर मग मागून कोण आलं याकडे एक कान. टेबलं अशी फिरवा की पाठीशी भिंत, कपाट किंवा निदान खांद्याइतकं उंच पार्टिशन येईल. स्क्रीन दिसली नाही तर लोक काम करणार नाहीत, असं वाटत असेल तर अडचण टेबलाच्या दिशेत नाही.

आवाजाचं जरा अवघड आहे. भिंती काढल्या की लोक एकमेकांशी जास्त बोलतील, ही समजूत फार पसरली. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८मध्ये दोन कंपन्यांत अंगावर लावायच्या सेन्सरने मोजून पाहिलं. मोकळ्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, चॅट वाढलं. सगळे ऐकतायत म्हटल्यावर माणूस गप्प बसतो, यात नवल काय?

भाड्याच्या जागेत हे एवढं करता येतं. आधी कामाच्या आवाजाप्रमाणे गट पाडा. दिवसभर फोनवर बोलणारे सेल्सवाले आणि आकडे जुळवणारे अकाउंट्सवाले एका रांगेत नकोत. मध्ये फायलींची कपाटं उभी करा. दुसरं, एक फोनची खोली करा. चार बाय चारची चालेल, स्टोअरमधून काढा, आत एक स्टूल, एक फळी, एक पंखा. घरचा फोन, डॉक्टरचा फोन, बँकेशी भांडण, सगळं तिथे. तिसरं, सकाळी साडेदहा ते साडेबारा शांत वेळ: कुणी कुणाच्या टेबलाशी जायचं नाही, मीटिंग लावायची नाही. हा नियम मालकाने मोडला की दोन दिवसांत संपतो. त्यामुळे मालकाला जमणार असेल तरच जाहीर करा.

पायरी ४: हातात थोडा ताबा

इथवरचं पैशांनी होतं. आता जे द्यायचं त्याला पैसे फारसे लागत नाहीत, आणि तरी ते देववत नाही.

रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९मध्ये एक मांडणी केली: कामाचा नुसता बोजा माणसाला तितका मोडत नाही, बोजा जास्त आणि ते कसं करायचं यावर हुकमत शून्य, ही जोडी त्याला मोडते. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा १९८५ पासून अभ्यास झाला, तो ‘व्हाइटहॉल’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. ताण फक्त साहेबांना येतो, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

ताबा द्यायचा म्हणजे लगेच लोकशाही आणायची असं नाही. यायची वेळ साडेनऊ ते साडेदहामध्ये कुठलीही, आणि त्याप्रमाणे सुटायची. दिवसातल्या कामांचा क्रम ज्याचा त्याने लावायचा. पंख्याचं आणि दिव्याचं बटण त्या त्या बाकाला वेगळं. इलेक्ट्रिशियन एका रविवारी करून देतो. शिफ्ट असतील तर वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी लावायचं आणि आपापसांत बदली करायला साहेबांची सही लागू नये. घरी लहान मूल किंवा आजारी सासू-सासरे असलेल्या माणसाला पगारवाढीइतकंच हे वेळापत्रक महत्त्वाचं असतं. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय कायद्यानेच लागते, हेही या निमित्ताने तपासून घ्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर एकच नियम लावा: रात्री आठनंतर ग्रुपवर काम टाकायचं नाही, खरोखर तातडीचं असेल तर त्या माणसाला फोन करायचा. मेसेज टाकणाऱ्याला काही पडत नाही, म्हणून तो अकरालाही टाकतो. फोन करायला संकोच वाटतो. तो संकोचच चाळणीचं काम करतो, आणि बहुतेक ‘अर्जंट’ गोष्टी सकाळपर्यंत थांबतात. “सर, रात्री बघितलं नाही” असं कुणी सांगितलं, तर त्यावर चेहरा बदलायचा नाही. लोक नियमाच्या कागदापेक्षा तो चेहरा जास्त नीट वाचतात.

पायरी ५: डबा, चहा, सुट्टी

विश्रांती ही परदेशी एचआरने आणलेली चैन आहे, असं मानणाऱ्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करून द्यावी. मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल असलेले, ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवणारे लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी मागत होते ते काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुपारचा तो अर्धा तास आजच्या काचेच्या इमारतींत कीबोर्डशेजारी डबा उघडून संपवला जातो.

जेवायला वेगळी जागा द्या. कितीही छोटी चालेल, पण कामाचं टेबल नको. एक लांब टेबल ठेवा. चार-चारची सुटी टेबलं ठेवलीत तर गट ठरून जातात आणि नवा माणूस पाचवा पडतो. लांब टेबलावर भाजी आपोआप फिरते. हात धुवायला बेसिन, डबे गरम करायला मायक्रोवेव्ह, तोही रांग लागणार नाही इतपत. मांसाहारी डब्यांवरून काही ठिकाणी कुरबुर होते. त्यावर ‘ऑफिसात आणायचंच नाही’ हा सोपा तोडगा काढून निम्म्या लोकांना परकं करू नका. एक्झॉस्ट लावा.

चहाबद्दल माझं मत बहुतेक मालकांना पटत नाही. चारच्या सुमाराला लोक खाली टपरीवर जातात, त्यात वीस मिनिटं ‘वाया’ जातात म्हणून मजल्यावर चहाचं यंत्र बसवतात. त्या वीस मिनिटांत माणूस जिने उतरतो, उन्हात उभा राहतो, लांबवर बघतो, दुसऱ्या विभागातल्या कुणाशी बोलतो आणि साहेबांच्या कानाआड दोन शिव्या घालून मोकळा होतो. इतक्या गोष्टी दहा-पंधरा रुपयांत कुठलाही वेलनेस कार्यक्रम करून देणार नाही. यंत्र बसवा हवं तर, पण टपरीवर जाणाऱ्यांची वेळ मोजू नका.

पायरी ६: माणसं जवळ आणा, पण बेताने

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात मोजून ठेवलंय की दोन माणसांच्या टेबलांतलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्याने कमी होतं. पन्नासेक मीटरपुढे तर जवळपास थांबतंच. म्हणून ज्या दोन विभागांची रोज भांडणं होतात, उदाहरणार्थ विक्री आणि डिस्पॅच, त्यांना वेगळ्या मजल्यांवर ठेवू नका. ईमेलवरचं भांडण समोर आलं की अर्ध्यावर येतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जेवायला कोण घेऊन जाणार, हे नाव आधी ठरवा. बाकी ओरिएंटेशन नंतर झालं तरी चालेल.

चुका लपवायचा स्वभाव सगळ्यांचाच असतो. एमी एडमंडसन या संशोधिकेला रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करताना आढळलं की चांगल्या गटांत औषधांच्या चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, त्या उघड बोलल्या जात होत्या. तुमच्या ऑफिसात हे आणायचं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये आधी मालकाने आपली गेल्या आठवड्यातली चूक सांगावी, आणि दुसऱ्या कुणी सांगितली तर पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा नसावा.

कौतुकाचं थोडक्यात. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो एकाला खूश आणि उरलेल्यांना उदास करतो. त्यापेक्षा नेमकं काय चांगलं झालं ते त्याच दिवशी, चारचौघांत, एका वाक्यात सांगा. कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. ती मालकाऐवजी त्या यंत्रावर सगळ्यात जास्त वर्षं काम केलेल्या ऑपरेटरच्या हातून होऊ द्या.

दुकान असेल तर

वरचं बरंचसं दुकानालाही लागू आहे, पण तिथे पहिला प्रश्न बसण्याचा. कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत दहा-दहा तास उभं राहायची रीत आहे, गिऱ्हाईक नसतानाही. केरळमधल्या साडीच्या दुकानांतल्या बायकांनी याविरुद्ध लढा दिला, आणि २०१८मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने २०२१मध्ये तशीच दुरुस्ती केली. आपण कायद्याची वाट बघायचं कारण नाही. प्रत्येक काउंटरमागे पाठ असलेलं उंच स्टूल, उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट, आणि गिऱ्हाईक नसताना बसलेलं दिसलं तर न ओरडणारा मॅनेजर. यातली तिसरी वस्तू मिळायला वेळ लागतो.

पायरी ७: क्रम, पैसे, पडताळा

सगळं एकदम करू नका. टेबलांचा एक गट किंवा एक खोली घ्या, तिथे टेबलं फिरवा, झोत वळवा, फूटरेस्ट द्या, आणि महिनाभर बघा. चूक झाली तर तेवढ्यापुरती होते. आणि जमलं तर शेजारचे स्वतःहून ‘आमचं कधी?’ विचारतात, पटवत बसावं लागत नाही. पैशांचा क्रम सांगायचा तर: आधी फुकटातलं, म्हणजे टेबलाची दिशा, जागांची अदलाबदल, ग्रुपचा नियम, वेळेची सवलत. मग किरकोळ खर्चाचं: फूटरेस्ट, स्टँड, हूक, डिफ्लेक्टर, एक्झॉस्ट. मग फोनची खोली आणि जेवणाचं टेबल. खुर्च्या सगळ्यात शेवटी.

पडताळ्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको. महिन्याच्या आजारपणाच्या रजा, पाण्याचे जार किती लागले, दुपारच्या मीटिंगमधला कार्बन डायऑक्साइड, आणि नोकरी सोडताना लोकांनी दिलेलं खरं कारण. शेवटचं कारण राजीनाम्याच्या दिवशी कळत नाही; दोन महिन्यांनी फोन करून विचारलं तर कळतं. हे सगळं बघायला एका माणसाचं नाव आणि वर्षाला एक ठरावीक रक्कम कागदावर हवी, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत हूक तुटलेला आणि डिफ्लेक्टर कपाटात असतो.

नवी जागा घेणार असाल तर

करार संपत आला असेल आणि जागा बदलणारच असाल, तर बरीच कामं आधीच वाचवता येतात. जागा सकाळी बघू नका. एजंट सकाळीच दाखवतात. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, दुपारी तीनला जा. पश्चिमेच्या काचेला हात लावून बघा. खिडक्या उघडतात की नुसती बंद काच आहे, हे स्वतः उघडून तपासा. दिवे बंद करायला सांगा आणि मध्यभागी उभं राहून पेपर वाचता येतो का बघा. प्रत्येक मजल्यावर बायकांचं शौचालय आहे का, त्याची किल्ली कुणाकडे असते, पाणी कधी जातं, हे लिफ्टमनला विचारा, मालकाला नको. जिन्याला उजेड आहे का, रात्री आठला रिक्षा किंवा बस मिळते का, आणि चालत पाच मिनिटांत चहा मिळतो का तेही बघा. ज्यांना रोज तिथे यायचंय अशा दोघांना सोबत न्या, त्यातली एक बाई असू द्या, आणि टोकन त्यांनी बघितल्यानंतरच द्या.